मल्टीकोअर प्रोसेसर सर्वत्र पोहोचले. त्यांच्यासाठीचे प्रोग्रॅमिंग कुठवर पोहोचले?

तिठा (धागाकर्ता)

मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ या सांकेतिक नावाने चाललेले आपल्या पुढच्या प्रोसेसरचे काम बंद केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेतही सोडून दिला. एप्रिल-मे २००५ मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांचे दोन कोअरचे (एकाच चिपवर स्वतंत्रपणे काम करणारी दोन गणनाकेंद्रे असलेले) प्रोसेसर विक्रीस आले. आयबीएमचा पॉवर-४ त्याआधी, २००१ पासूनच, मोठ्या सर्व्हरमध्ये होता. परंतु सामान्य माणसाच्या टेबलावर मल्टीकोअर आला तो २००५ मध्ये. या वीस वर्षांत सॉफ्टवेअर उद्योगाने नेमके काय केले, यावर येथील जाणकारांचे अनुभव ऐकायला मिळावेत म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते, आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. सुमारे तीस वर्षे हे गणित जुळत राहिले. पुढे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारा प्रवाह वाढू लागला आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड होऊन बसले. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या, वेगाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले तर वीज जवळजवळ निम्मीच लागते (०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१), आणि वाचलेल्या विजेवर तसाच दुसरा कोअर चालवता येतो. तेवढ्याच विजेत १.६ पट काम! मात्र ते पदरात पाडून घेण्याची जबाबदारी हार्डवेअर बनवणाऱ्यांनी प्रोग्रॅमरवर सोपवली. तोवर प्रोग्रॅमला हातही न लावता, नवे यंत्र घेतले की तो वेगाने चालू लागत असे. ते दिवस संपले.

माझे मत असे आहे की उद्योगाने मल्टीकोअर प्रोसेसर स्वीकारले, परंतु मल्टीकोअरसाठी प्रोग्रॅम लिहिणे मात्र शक्य तेथे सगळीकडे टाळले. ते ओझे डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मोजक्या लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांच्या गळ्यात घातले. हे मत कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे.

निरभ्र

वेब सर्व्हरच्या जगात तुमचे म्हणणे जवळजवळ शब्दशः खरे आहे. एका ग्राहकाची विनंती आणि दुसऱ्या ग्राहकाची विनंती यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे १६ कोअर असतील तर १६ प्रोसेस (त्याच प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालत्या प्रती) सुरू करायच्या आणि प्रत्येकीने आपापल्या विनंत्या पाहायच्या, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पीएचपी या वेबसाठीच्या भाषेने वर्षानुवर्षे हेच केले. २००९ मध्ये आलेल्या नोड-जेएसने तर जावास्क्रिप्टचा कोड एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधील कामाच्या एकाच ओघावर) चालेल असे ठरवूनच टाकले आणि तरीही तो घरोघरी पोहोचला. रेडिस या डेटाबेसची गोष्टही तशीच: तो आज्ञा एकाच थ्रेडवर पार पाडतो, आणि २०२० मधील सहाव्या आवृत्तीत जे जादा थ्रेड आले ते नेटवर्कवरून वाचण्या-लिहिण्यापुरतेच. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस असते. एकच क्वेरी अनेक कोअरवर वाटून चालवण्याची सोय तिथे २०१६ मध्ये, ९.६ या आवृत्तीत आली. म्हणजे इतक्या नावाजलेल्या डेटाबेसलाही मल्टीकोअर सर्वसामान्य झाल्यानंतर दहा-अकरा वर्षे लागली, आणि तोवर कुणाचे फार अडलेही नाही.

तरीही ‘टाळले’ हा निम्मा भाग झाला. टाळलेली गोष्ट दुसऱ्या दाराने आत येते. प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरचा प्रसार झाला तेव्हा जावाच्या जुन्या आवृत्त्यांना कंटेनरला किती कोअर नेमून दिले आहेत हे कळतच नसे. त्या खालच्या यंत्राचे सगळे कोअर मोजत. दोन कोअरची मर्यादा घातलेला कंटेनर ६४ कोअरच्या हिशेबाने थ्रेड उभे करी, आणि मग वाटून दिलेला वेळ संपला की सगळे थ्रेड एकदमच थांबवले जात. जावात हे २०१८ मध्ये, दहाव्या आवृत्तीत दुरुस्त झाले. गो भाषेत याच स्वरूपाची सुधारणा २०२५ मधील १.२५ या आवृत्तीत आली. ज्याने आयुष्यात एकही थ्रेड स्वतः सुरू केला नाही अशा प्रोग्रॅमरलाही या भानगडीत पडावेच लागते.

आणखी एक बाजू, जिच्याबद्दल तांत्रिक चर्चेत सहसा कुणी बोलत नाही, ती परवान्याच्या खर्चाची. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून किंमत प्रोसेसरमागे न लावता कोअरमागे लावायला सुरुवात केली. विंडोज सर्व्हर २०१६ ने तोच कित्ता गिरवला. त्यानंतर अधिक कोअरचे यंत्र घेणे हा केवळ वेगाचा निर्णय राहिला नाही. कमी पण वेगवान कोअर असलेला प्रोसेसर मुद्दाम निवडणारे अनेक खरेदी विभाग आहेत, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

शंखनाद

निरभ्र यांनी दिलेली सगळी उदाहरणे एका वेळी अनेकांची कामे करण्याची आहेत. एका माणसाचे एकच काम लवकर संपवणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यात मल्टीकोअरने फार मोठा दिलासा दिलेला नाही. जीन आमडाल यांनी १९६७ मध्ये जे सांगितले ते कुणाला चुकलेले नाही. एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून करता येत असेल आणि ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर १६ कोअरवर ते काम ९.१ पट वेगाने होते, ६४ कोअरवर १५.४ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पुढे जात नाही. शिवाय ९५ टक्के हा आकडाही फार उदार आहे. महिनाअखेरीच्या हिशेबाचा अहवाल किंवा मोठ्या कोडचे शेवटचे लिंकिंग (तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणे) अशा कामांत एका टप्प्याला आधीच्या टप्प्याचे उत्तर लागतेच.

याला उत्तर म्हणून गुस्ताफसन यांचे १९८८ चे म्हणणे पुढे केले जाते: यंत्र मोठे झाले की माणसे प्रश्नही मोठा घेतात, आणि मोठ्या प्रश्नात वाटून करण्याजोगा भाग अधिक असतो. हवामानाच्या मॉडेलसाठी ते खरे आहे. माझ्या हिशेबाच्या अहवालासाठी नाही. महिनाअखेर मोठी होत नाही.

मुळाकाठ

मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी आहे, आणि तिठा यांचे मत आमच्या क्षेत्रात टिकत नाही, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. आम्हाला टाळण्याची सोयच नव्हती.

इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये काही कामे ठरावीक वेळाने चालतात (दर १, ५, १० किंवा १०० मिलिसेकंदांनी) आणि काही कामे क्रँकशाफ्टच्या कोनाबरहुकूम चालतात. म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की ती अधिक वेळा येतात. वर्षानुवर्षे हे सगळे एका कोअरवर, ठरलेल्या अग्रक्रमाने चालत आले. धूर-प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, निदानाचा कोड वाढला, आणि एका कोअरचे क्लॉक वाढवणे आमच्याकडे तर आणखीच कठीण, कारण या डब्याला इंजिनाच्या उष्णतेत पंख्याविना टिकायचे असते. म्हणून २०१२ च्या सुमारास इन्फिनिऑनच्या ऑरिक्ससारखे तीन कोअरचे मायक्रोकंट्रोलर आले. ऑटोसार या सामायिक मानकाच्या ४.० या आवृत्तीत मल्टीकोअरची तरतूद त्याआधीच, २००९ मध्ये झालेली होती.

खरी अडचण नव्या कोडमध्ये नव्हती. ती दहा-पंधरा वर्षे उत्तम चाललेल्या कोडमध्ये होती. त्या कोडमध्ये कुठेही न लिहिलेली काही गृहीतके दडलेली असतात. पहिले असे की अधिक अग्रक्रमाचे काम चालू असताना कमी अग्रक्रमाचे काम चालूच शकत नाही, म्हणून अधिक अग्रक्रमाच्या कामाला कुलूप (लॉक, म्हणजे सामायिक मूल्य एका वेळी एकालाच वापरू देणारी सोय) लावण्याची गरज नाही. दोन कोअरवर ती दोन्ही कामे खरोखर एकाच क्षणी चालतात. दुसरे असे की दोन-चार ओळींपुरते इंटरप्ट (हातातले काम थांबवून दुसरे करायला लावणारे संकेत) बंद केले की तेवढ्या ओळींत कुणीही ढवळाढवळ करणार नाही. पण इंटरप्ट बंद होतात ते स्वतःच्या कोअरचे. शेजारच्या कोअरला त्याचा पत्ताही नसतो. तिसरे गृहीतक सर्वांत फसवे आहे: ५ मिलिसेकंदांचे काम झाल्यावरच १० मिलिसेकंदांचे काम चालेल, हा क्रम. हा क्रम मोडला तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. फक्त टॉर्कची मागणी या फेरीची आणि थ्रॉटलची स्थिती मागच्या फेरीची, अशी सरमिसळ होते, आणि गाडी ठरावीक वेगाला किंचित हिसका देते. असा दोष टेस्ट बेंचवर पकडणे म्हणजे कसोटी असते, कारण मोजायला गेले की मोजणीमुळेच वेळा सरकतात आणि दोष नाहीसा होतो.

आमच्या क्षेत्राने यावर जो मार्ग काढला तो वेगाच्या मागे लागलेल्यांना उफराटा वाटेल. प्रत्येक काम सुरुवातीला लागणाऱ्या सगळ्या मूल्यांची स्वतःची प्रत काढून घेते, आतमध्ये त्या प्रतीवरच काम करते, आणि उत्तर आधी तयार झाले तरी ते ठरलेल्या कालावधीच्या शेवटीच इतरांना दिसू देते. हे ‘लॉजिकल एक्झिक्युशन टाइम’ नावाने ओळखले जाते. उत्तर उशिरा मिळते, पण कोणत्या कोअरवर कोणते काम ठेवले आहे यावर ते अवलंबून राहत नाही. आज पहिल्या कोअरवर असलेले काम उद्या तिसऱ्यावर नेले तरी गाडीचे वागणे बदलत नाही, आणि पुन्हा सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करण्याचा प्रसंग टळतो.

दुसरी गोष्ट, सगळे कोअर वेगासाठी नसतातच. कार्यात्मक सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आले. त्याच्या कठोर पातळ्या गाठण्यासाठी काही कोअर जोडीने बसवलेले असतात: दोघेही तीच आज्ञा पार पाडतात आणि उत्तरे जुळतात का हे हार्डवेअर पाहत राहते. म्हणजे सिलिकॉन दोघांचे आणि काम एकाचे. जाहिरातीतल्या कोअरच्या संख्येवरून वेगाचा अंदाज बांधणाऱ्यांची येथे निराशा होते.

चिकू

मुळाकाठ काका, एक शंका आहे. इंटरप्ट बंद करून भागत नाही हे समजले, पण मग त्या जागी सरसकट स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत कोअरला वाट पाहायला लावणारे कुलूप) लावला तर प्रश्न सुटायला नको का?

मुळाकाठ

चिकू, सुटतो, पण त्याच्या पोटी दोन नवे प्रश्न जन्माला येतात. समजा पहिल्या कोअरने स्पिनलॉक घेतला आणि तेवढ्यात त्याच कोअरवर इंटरप्ट आला. आता पहिला कोअर इंटरप्टचे काम करत बसतो आणि दुसरा कोअर नुसता गरगरत वाट पाहतो. किती वेळ, ते सांगता येत नाही. म्हणून स्पिनलॉक घेण्याआधी स्वतःचे इंटरप्टही बंद करावे लागतात, आणि लॉक धरलेला कोड अगदी आखूड ठेवावा लागतो. दुसरा प्रश्न दोन लॉकचा. एकाने आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ घेतला, दुसऱ्याने आधी ‘ब’ आणि मग ‘अ’, की दोघेही कायमचे अडकले. ऑटोसारमध्ये लॉक एकात एक घ्यायचे असतील तर त्यांचा क्रम आधीच जाहीर करावा लागतो, तो याचसाठी. आमच्या कामात सरासरी वेळेला किंमत नसते, जास्तीत जास्त किती वेळ लागेल हेच सिद्ध करावे लागते, आणि प्रत्येक लॉक हा आकडा फुगवतो.

पारिजातक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. चिकूच्या प्रश्नावरून अभ्यासक्रमातली एक विसंगती आठवली, जी या धाग्याशी थेट जोडलेली आहे. पीटरसन यांचा १९८१ चा अल्गोरिदम आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलेला असतो: दोन प्रोसेस, दोन झेंडे, एक ‘पाळी कुणाची’ हा व्हेरिएबल, आणि कोणत्याही खास आज्ञेविना परस्पर वर्जन (सामायिक भागात एका वेळी एकानेच शिरणे) साध्य. कागदावरची सिद्धता निर्दोष आहे. परंतु तोच अल्गोरिदम सी भाषेत जसाच्या तसा लिहून आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर दोन थ्रेडनी कोट्यवधी वेळा चालवा, दोघेही एकाच वेळी आत शिरलेले आढळतील.

कारण असे की आधुनिक कोअर मेमरीत लिहिलेले मूल्य लगेच सर्वांना दाखवत नाही. ते आधी स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतो आणि तेवढ्यात पुढचे वाचन उरकून घेतो. त्यामुळे ‘मी माझा झेंडा उभारला, मग तुझा झेंडा पाहिला’ हा क्रम शेजारच्या कोअरला उलटा दिसू शकतो. इंटेलचे प्रोसेसर त्यातल्या त्यात शिस्तीचे आहेत, तरी एवढी सवलत तेही घेतात. एआरएमचे प्रोसेसर त्याहून पुष्कळ अधिक घेतात. वर कंपायलरही (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आपल्या सोयीने ओळी मागेपुढे करतो. थ्रेडचा अर्थ भाषेने स्वतः ठरवल्याशिवाय नुसत्या लायब्ररीच्या आधारावर तो सुरक्षित करता येत नाही, हे हान्स बोम यांनी २००५ मध्ये नीट दाखवून दिले. जावाने आपले मेमरी मॉडेल (एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला केव्हा दिसेल याचे नियम) २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर दुरुस्त केले. सी आणि सी++ या भाषांना मात्र २०११ पर्यंत अधिकृत मेमरी मॉडेलच नव्हते. म्हणजे मल्टीकोअर टेबलावर आल्यानंतर सहा वर्षे जगातले बरेचसे सिस्टिम सॉफ्टवेअर कंपायलर आणि प्रोसेसर यांच्या चांगुलपणावर चालले होते.

हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. अॅमेझॉनने २०१८ मध्ये स्वतःचे एआरएम सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, अॅपलने २०२० मध्ये एम-१ आणला. इंटेलवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला कोड एआरएमवर नेला की त्यातील दडलेल्या चुका वर येतात, कारण इंटेलने पाळलेला क्रम एआरएम पाळत नाही. अॅपलला याची जाणीव होती, म्हणूनच जुने इंटेलचे प्रोग्रॅम चालवताना एम-१ मध्ये इंटेलसारखा क्रम पाळण्याची वेगळी सोय हार्डवेअरमध्येच करून ठेवलेली आहे. विद्यार्थ्यांना पीटरसन जरूर शिकवावा, पण त्याच तासाला तो मोडूनही दाखवावा, असे मला वाटते. दुर्दैवाने मोडून दाखवण्याला गुण नसतात.

शंखनाद

पारिजातक ताईंच्या प्रतिसादाला एक पुस्ती. अशा चुका टेस्टिंगमध्ये सापडतील या भरवशावर कुणी राहू नये. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ऑंटारिओत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तारा झाडांना टेकल्या हे त्याचे निमित्त होते. पण ओहायोतील नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली त्याआधीच रेस कंडिशनमुळे (दोन कामांनी एकच माहिती एकाच वेळी हाताळल्याने होणाऱ्या चुकीमुळे) अडकून पडली होती, आणि आपल्याला सूचना मिळत नाहीत हेच तेथील कर्मचाऱ्यांना कळले नव्हते. ती चूक कोडमध्ये नेमकी कुठे आहे हे शोधायला तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले, आणि ती प्रणाली काही नवखी नव्हती.

जुना वाटसरू

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सगळे जण समांतर प्रोग्रॅमिंगचा जन्म २००५ मध्ये झाला अशा थाटात बोलत आहेत, म्हणून थोडे मागे जातो. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे. सामायिक मेमरी नाहीच. जे हवे ते निरोप पाठवून मागायचे. त्याची ऑकम ही भाषा टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारावर बेतलेली होती. आज गो भाषेतल्या चॅनेलचे कौतुक करणाऱ्या तरुणांनी लक्षात घ्यावे की ते त्याच झाडाचे फळ आहे.

मल्टीकोअरने आम्हा सुपरकॉम्प्युटरवाल्यांची एक वेगळीच पंचाईत केली. निरोप पाठवण्यासाठी एमपीआय हे मानक १९९४ पासून होते आणि सामायिक मेमरीसाठी ओपनएमपी १९९७ पासून. नोडमध्ये (सुपरकॉम्प्युटरमधील एका यंत्रात) एकच कोअर होता तोवर एमपीआय पुरे होते. पुण्यातलाच ‘एका’ हा सुपरकॉम्प्युटर, जो नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला, त्यात चार कोअरचे झिऑन होते. तेव्हापासून नोडच्या आत ओपनएमपी आणि नोडबाहेर एमपीआय असा दुहेरी संसार सुरू झाला. आणि त्यात पहिल्यांदा उघड झाले ते हे, की कोअर वाढले तरी मेमरीकडे जाणारी वाट तेवढीच राहते. चाळीतल्या एका नळावर बिऱ्हाडे वाढवावीत तसे. हवामान किंवा द्रवगतीच्या प्रोग्रॅममध्ये आठपैकी पाच कोअरनीच वाट भरून जाते आणि उरलेले तीन वाट पाहत बसतात. शंखनाद यांच्या ५ टक्क्यांइतकीच ही मर्यादा जाचक आहे, पण आमडालच्या सूत्रात ती दिसत नाही.

आणि ज्यांना वाटते की चांगले हार्डवेअर आले की प्रोग्रॅमर आपोआप जुळवून घेतात, त्यांनी सेल प्रोसेसरचा इतिहास पाहावा. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून तो बनवला आणि २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ मध्ये बसवला. एक सामान्य कोअर आणि त्याच्या हाताखाली छोटे कोअर, प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्वतःची मेमरी. त्यात काय आणायचे आणि कधी परत न्यायचे हे प्रोग्रॅमरने स्वतः लिहायचे. २००८ मध्ये पेटाफ्लॉपची (सेकंदाला हजार लाख कोटी गणितांची) रेषा प्रथम ओलांडणाऱ्या रोडरनर या सुपरकॉम्प्युटरमध्ये त्याच्याच सुधारित आवृत्तीने बहुतांश गणित केले. तरीही प्लेस्टेशन ४ आला तो आठ साध्या एक्स-८६ (इंटेल-एएमडीच्या पद्धतीच्या) कोअरवर. सामर्थ्याला तोटा नव्हता. ते वापरायला लागणारे मनुष्यबळ परवडत नव्हते.

तिठा

सर्वांचे आभार. मुळाकाठ आणि वाटसरू काका यांच्या प्रतिसादांनंतर माझे मत थोडे बदलून मांडतो. जेथे कामे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत तेथे उद्योगाने मल्टीकोअर फुकटात पचवला. जेथे एकच सामायिक स्थिती सर्वांना हवी आहे (इंजिन, ब्राउझर, डेटाबेसचे पोट, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल) तेथे किंमत मोजावी लागली, आणि ती किंमत थ्रेड सुरू करण्याची नसून कोण काय केव्हा पाहू शकतो हे ठरवण्याची आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये १९९६ साली एकच मोठे कुलूप घालून सुरुवात झाली, आणि ते पूर्णपणे काढून टाकायला २०११ उजाडले. हे त्याचेच उदाहरण.

माझा पुढचा प्रश्न असा की ही किंमत भाषा आणि अवजारे कमी करू शकतील का? एके काळी ट्रान्झॅक्शनल मेमरीचा (कुलूप न लावता काम करून पाहायचे, टक्कर झाली तर ते रद्द करून पुन्हा करायचे) बराच बोलबाला होता. तिचे पुढे काय झाले?

शंखनाद

तिचे असे झाले की इंटेलने ती २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरमध्ये दिली, ऑगस्ट २०१४ मध्ये दोष सापडल्यामुळे मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या आतील सूचना बदलून) बंद केली, आणि नंतरच्या काळात सुरक्षेच्या त्रुटींमुळे ती पुन्हा पुन्हा बंद ठेवावी लागली. जुना कोड आपोआप समांतर करणाऱ्या कंपायलरचे आश्वासन तर त्याहून जुने आहे. साध्या लूपपलीकडे त्याची मजल फारशी गेली नाही.

निरभ्र

शंखनाद यांच्याइतका निराश मी नाही. दोन गोष्टींनी प्रत्यक्ष कामात फरक पडलेला पाहिला आहे. पहिली थ्रेड सॅनिटायझर: कोड त्याच्यासह कंपाइल करून चाचण्या चालवल्या की कोणत्या दोन ओळींनी एकच जागा कुलूप न लावता वापरली ते तो नावानिशी सांगतो. गो भाषेत हीच सोय २०१३ पासून एका पर्यायावर उपलब्ध आहे. अर्थात जी वाट चाचणीत चालली तिथलीच चूक त्याला दिसते.

दुसरी गोष्ट रस्ट ही भाषा. त्यात एखादे मूल्य एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे देता येईल का आणि दोघांनी मिळून वापरता येईल का, हे त्या मूल्याच्या प्रकारातच (टाइपमध्ये) नोंदलेले असते, आणि ज्याची कुलुपाविना वाटणी करता येत नाही ते वाटून घेतल्यास कोड कंपाइलच होत नाही. फायरफॉक्सचे उदाहरण बोलके आहे. पानावरील स्टाइलचा हिशेब सर्व कोअरवर वाटून करण्याचे प्रयत्न मोझिलाने सी++ मध्ये करून पाहिले होते आणि ते तडीस गेले नव्हते. रस्टमध्ये लिहिलेला तोच भाग नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीतून लोकांपर्यंत पोहोचला. मात्र रस्ट डेटा रेस (एकच जागा कुलपाविना एकाच वेळी वापरणे) थांबवतो, डेडलॉक (एकमेकांच्या कुलपांची वाट पाहत कायमचे अडकणे) थांबवत नाही, आणि चुकीच्या क्रमाने केलेले बरोबर काम तर कोणतीच भाषा थांबवत नाही.

वेगाचा प्रश्नही भाषेने सुटत नाही. दोन थ्रेडचे दोन स्वतंत्र मोजणी-व्हेरिएबल मेमरीत शेजारी शेजारी पडले आणि एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (कोअरजवळच्या जलद मेमरीच्या एका तुकड्यात) आले, तर ती लाइन दोन कोअरमध्ये सतत इकडून तिकडे ओढली जाते. उत्तर अचूक येते, पण दोन थ्रेडचा प्रोग्रॅम एका थ्रेडच्या प्रोग्रॅमपेक्षा सावकाश चालतो, आणि कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात काही वावगे दिसत नाही.

चिकू

मग पायथनचे काय? आमच्याकडे सगळे पायथनच वापरतात, आणि ‘जीआयएल काढला’ अशा बातम्या वाचल्या आहेत.

निरभ्र

एका वेळी एकाच थ्रेडने पायथनचा कोड चालवावा असे ते सार्वत्रिक कुलूप होते, आणि अजूनही नेहमीच्या बांधणीत आहे. ते नसलेली वेगळी बांधणी ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. पण चिकू, नमपायसारख्या लायब्रऱ्यांमध्ये जड गणित सी आणि फोरट्रानमध्ये चालते, आणि तेथे ते कुलूप अनेक ठिकाणी आधीपासूनच सोडले जाते. त्यामुळे ज्यांचे काम अशा लायब्रऱ्यांवर चालते त्यांना फरक कमी जाणवेल. ज्यांनी कुलपाच्या आडोशाने बेफिकीरपणे सामायिक व्हेरिएबल वापरले आहेत, त्यांना मात्र मुळाकाठ यांच्या जुन्या कोडसारखाच अनुभव येईल.

मुळाकाठ

जाता जाता विमानांचा उल्लेख करतो, कारण तेथील सावधपणा आमच्याहून एक पायरी वरचा आहे. विमानाच्या सॉफ्टवेअरला मान्यता देताना प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे दाखवावे लागते. एका कोअरवर ते मोजता येते. दोन कोअर एकाच कॅशमध्ये आणि एकाच मेमरी कंट्रोलरपाशी भेटले, की शेजारच्या कोअरवर काय चालले आहे त्यावर आपल्या कामाचा वेळ ठरतो, मग दोन्ही प्रोग्रॅमचा एकमेकांशी काही संबंध असो वा नसो. मान्यता देणाऱ्या संस्थांनी या परस्पर हस्तक्षेपावर २०१६ मध्ये एक भूमिकापत्र काढले; त्यावरून युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये अधिकृत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. हस्तक्षेपाचा प्रत्येक मार्ग शोधायचा, तो मोजायचा किंवा अडवायचा, आणि त्याचा पुरावा द्यायचा. हे काम इतके खर्चिक आहे की एका कोअरचे चिप बाजारात मिळेनासे झाल्यावर अनेक प्रकल्पांनी मल्टीकोअर चिप विकत घेतली, त्यातला एक कोअर चालू ठेवला आणि बाकीचे बंद करून टाकले.